अप्पांच्या वहीतलं बिनदाती पान

"काका, हे एवढं एक पान आठ हजारांना मागतायत. देऊन टाकू?"

निरोपाखाली फोटो होता. राखाडी जाड कागदावर आठ चौकोन आणि त्यांत पोस्टाची तिकिटं. एकाही तिकिटाला चारी बाजूंनी दाते नव्हते. मागणाऱ्याने तिला कळवलं होतं, "सगळे एरर आहेत, इम्परफोरेट आहेत, म्हणून एवढे देतोय." एरर म्हणजे छापखान्यात झालेली चूक; इम्परफोरेट, थोडक्यात इम्पर्फ, म्हणजे दाते न पाडलेलं तिकीट. जास्त घासाघीस केली नाही तर उद्याच पैसे पाठवतो, असंही तो म्हणाला होता.

ही आमच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी. तिच्या आजोबांना घरात सगळे अप्पा म्हणत. ते पोस्टात कारकून होते, आधी दापोलीकडे आणि मग चिपळुणात. पस्तीस वर्षं काउंटरवर तिकिटांचे ताव फाडून दिलेला माणूस. त्यांच्या चार वह्या इतकी वर्षं माळ्यावर होत्या. घर रिकामं करताना खाली आल्या आणि कुणीतरी फोटो पुढे पाठवला.

मी तिला तीन गोष्टी कळवल्या. पान वहीतून काढू नकोस. एकही तिकीट हाताने सोडवू नकोस. शनिवारी चारही वह्या घेऊन ये, निदान ही एक तरी.

शनिवारी ती आली. वही जुन्या सुती ओढणीत गुंडाळलेली होती. पान उघडल्यावर फोटोत न दिसलेली एक गोष्ट दिसली. प्रत्येक तिकिटाखाली पेन्सिलीने अगदी बारीक अक्षर लिहिलेलं होतं: ज, ज?, छा, छा, मु, मु, का, चु. "ह्या किमती असाव्यात," ती म्हणाली. "आमच्या गावातला कापडवाला अशाच अक्षरांत खरेदीचा भाव लिहायचा." असेलही. मी कागदाची एक पट्टी कापून सगळी अक्षरं झाकली. ज्याने तिकिटं जमवली त्याचं मत आधी वाचलं की डोळा तेच शोधायला लागतो. आधी आपलं आपण बघायचं ठरलं.

हातात काय होतं तेही सांगतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग, दाते मोजायची पट्टी, पारदर्शक मोजपट्टी, चिमटा, काळी बशी, बेंझिनची छोटी बाटली आणि वाकवता येणारा दिवा. यातलं काहीही महाग नाही. बेंझिन वापरताना खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस पेटलेला नको. हे मी प्रत्येकाला बजावतो.

पहिलं तिकीट बघण्याआधी मी तिला एक आकृती काढून दाखवली. बहुतेक घोटाळे तिथेच मिटतात.

तिकिटं तावावर छापली जातात. दोन चित्रांच्या मध्ये पांढरी पट्टी सुटलेली असते. समजा ती तीन मिलिमीटरची आहे. छिद्रांची ओळ तिच्या मधोमध जाते, म्हणजे चित्रापासून दात्याच्या टोकापर्यंत दीड मिलिमीटर कागद मिळतो. आता एखादा ताव छिद्रं पाडणाऱ्या यंत्रात गेलाच नाही आणि कुणी तो पट्टीच्या मधोमध कापला, तरी प्रत्येक तिकिटाला तेवढाच दीड मिलिमीटर येणार. मात्र दाते असलेल्या तिकिटाचे दाते कात्रीने घालवायचे असतील, तर छिद्राची निम्मी रुंदी जावीच लागते. छिद्र साधारण एक मिलिमीटरचं असतं. म्हणजे प्रत्येक बाजूने निदान अर्धा मिलिमीटर कमी आणि अख्खं तिकीट रुंदीला व उंचीला एकेक मिलिमीटरने लहान होतं.

तेव्हा सुट्या तिकिटाच्या बाबतीत पहिला प्रश्न हा: याच छपाईच्या दाते असलेल्या साध्या तिकिटापेक्षा हे लहान आहे, तेवढंच आहे की मोठं? लहान असेल तर विषय संपला. तेवढंच असेल तरी हुरळून जाऊ नये. छिद्रांची ओळ कधीकधी सरकते, मग एखाद्या तिकिटाला एका बाजूला भरपूर कागद मिळतो आणि समोरच्या बाजूला दाते चित्रात घुसतात. तावाच्या कडेच्या तिकिटाला तर बाहेरची रुंद पट्टीही चिकटलेली असू शकते. असं तिकीट हाती लागलं तर चांगल्या हाताचा माणूस त्यातून छान रुंद कडांचं "इम्पर्फ" कातरून काढतो. म्हणूनच दाते असलेल्या छपाईतल्या चुकीच्या इम्पर्फ तिकिटांची किंमत कॅटलॉग सहसा जोडीला देतात. दोन तिकिटं एकमेकांना जोडलेली असली की मधली पट्टी अख्खी समोर असते. तिथे छिद्र असेल किंवा नसेल, कात्रीला तिथे काही करता येत नाही.

एवढं झाल्यावर मी सातव्या चौकोनापासून सुरुवात केली, कारण मागणाऱ्याने नेमक्या त्याच्याभोवती फोटोवर लाल गोल काढला होता.

अंड्यातून बाहेर येणारं कोंबडीचं पिल्लू, 25 पैसे. 1979 पासून निघालेल्या नित्य वापराच्या मालिकेतलं. ज्यांनी ऐंशीच्या दशकात पत्रं लिहिली त्यांच्या जिभेला याच्या डिंकाची चव आठवत असेल. स्वतंत्र भारताच्या नित्य वापराच्या तिकिटांत खऱ्या इम्पर्फ जोड्या सापडल्या आहेत, तेव्हा अशक्य असं काही नव्हतं. माझ्याकडे याच तिकिटाच्या वापरलेल्या प्रती पाकीटभर पडून आहेत. त्यातली पाच काढली आणि वहीतलं तिकीट चिमट्याने उचलून एकेकीवर ठेवलं. पाचही वेळा खालच्या तिकिटाचे दाते चारी बाजूंनी बाहेर डोकावले. मोजपट्टीवर रुंदीत मिलिमीटरहून थोडा जास्त फरक आला, उंचीत जवळजवळ दीड मिलिमीटरचा.

मग भिंग. खालच्या कडेला दोन ठिकाणी कागद किंचित आत वळला होता, नखाच्या चंद्रकोरीसारखा. ती छिद्रांची उरलेली वरची कमान. कात्री तिथे दोन केसांएवढी बाहेरून गेली होती. एका चंद्रकोरीपासून दुसरीपर्यंतचं अंतर मी साध्या तिकिटाच्या छिद्रांच्या अंतराशी ताडून पाहिलं. बरोबर जुळलं. कड हाताने फाडलेल्या दात्यासारखी तुसाळ नव्हती, सरळ आणि दाबलेली होती. शिक्क्याची शाई चारी बाजूंना कडेवर येऊन तुटली होती.

मी बोलायच्या आतच ती म्हणाली, "काका, ही मीच कापली असणार." चौथीत तिने छंदाची वही केली होती. पाण्यात भिजवून सोडवलेल्या तिकिटांचे दाते वाकडेतिकडे फाटलेले दिसायचे, म्हणून आईच्या शिवणाच्या कात्रीने तिने ते सरळ केले होते. तिला ते नीटनेटकं वाटलं होतं. त्यातलं एक अप्पांच्या वहीत कसं आलं, ते तिला आठवत नव्हतं.

पहिल्या चौकोनाला आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला. निळं अर्धा आण्याचं तिकीट, डावीकडे तोंड केलेली राणी व्हिक्टोरिया, वर नुसतं इंडिया, खाली हाफ ॲना. हे 1854 चं. कॅप्टन हेन्री थुलियर यांच्या देखरेखीखाली कलकत्त्याच्या सर्व्हे कार्यालयात दगडावरून छापलेलं. त्याआधी 1852 मध्ये बार्टल फ्रियर यांनी सिंधमध्ये उठावाची सिंध डाक तिकिटं काढली होती, त्यांनाही दाते नव्हते. त्या काळात दाते नसणं हीच रीत होती. लंडनचं 1840 चं काळं पेनी तिकीट तसंच होतं. छिद्रं पाडायच्या यंत्रासाठी हेन्री आर्चर झटले आणि ब्रिटनची दाते असलेली तिकिटं नियमितपणे निघायला 1854 उजाडलं. कलकत्त्याचा कारकून तावावरून तिकीट कात्रीनेच कापून द्यायचा. घाई असेल तर शेजारच्या तिकिटाचा काठही सोबत यायचा, नाहीतर याच तिकिटाचा काठ शेजाऱ्याकडे जायचा.

म्हणजे या तिकिटाच्या बाबतीत "दाते का नाहीत" हा प्रश्नच नाही. प्रश्न दोन. हे खरंच 1854 चं आहे का, आणि कडा किती उरल्या आहेत?

खरेपणासाठी मी छपाई पाहिली. दगडावरच्या छपाईत शाई कागदावर सपाट बसते. कागद उलटा करून तिरप्या उजेडात धरला तर मागे रेषांचे उठाव दिसत नाहीत. इथे दिसले नाहीत. रेषा जराशा तेलकट, जाड-बारीक होत्या आणि राणीच्या केसांजवळ थोड्या मिसळून गेल्या होत्या. कागदात ईस्ट इंडिया कंपनीच्या मोठ्या मानचिन्हाच्या जलचिन्हाचा, म्हणजे वॉटरमार्कचा, भाग दिसायला हवा असं कुणी म्हणेल, पण ते चिन्ह अख्ख्या तावावर पसरलेलं असे. एका तिकिटाच्या वाट्याला त्यातली एखादी वळणदार रेघ येते किंवा काहीच येत नाही. या तिकिटाला बेंझिनच्या बशीत एक तिरपी, फिकट रेघ दिसली. शिक्का ठिपक्यांच्या शंकरपाळीचा, त्या काळाचा. मला शंका उरली नाही.

कडा मात्र दुखावलेल्या. डावीकडे आणि वर छान पांढरा कागद, खाली केसभर आणि उजवीकडे कात्री थेट चौकटीत घुसलेली. 1854 च्या तिकिटांत चारी बाजूंना स्वच्छ कड असलेली प्रत आणि एका बाजूने चित्रात कापलेली प्रत यांच्या किमतीत खूप मोठं अंतर असतं. मला स्वतःला अशी कापलेली प्रत कमी आवडते असं नाही. उजव्या बाजूची ती तिरकी कात्री मला बघवत राहावी अशी वाटते, कारण कुण्या कारकुनाचा हात तिथे दिसतो. पण विकायचं म्हटलं तर ते वेगळं.

दुसरं तिकीटही अर्धा आण्याचं, निळं, राणीचंच. पहिल्या नजरेला दोघं बहिणी वाटतात. पण यावर ईस्ट इंडिया पोस्टेज असं छापलेलं. ही लंडनच्या डे ला रू यांची छपाई, ठशावरून दाबून केलेली, म्हणून मागून बोट फिरवलं तर रेषांचे बारीक उठाव लागतात. बशीत उलटं ठेवून वर दोन थेंब बेंझिन टाकलं आणि कागद काळवंडत गेला तसं मधोमध हत्तीचं डोकं उमटलं. कान, सोंड सगळं स्पष्ट. ती "अय्या" म्हणाली. तीस वर्षं हे करतोय, पण तो हत्ती वर येताना मला अजूनही बरं वाटतं. हत्तीचं जलचिन्ह म्हणजे 1865 किंवा त्यानंतरचं तिकीट, आणि त्या वेळी या तिकिटांना चौदा मापाचे दाते असत, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये चौदा छिद्रं.

मग हे बिनदाती कसं? इथे दोन शक्यता खऱ्या मानाव्या लागतात. एक, कुणीतरी दाते कापले असतील. दुसरी, डे ला रूंच्या छपाईत दात्यांविना काढलेले नमुनेही होते. पण तिकिटावर नेहमीच्या वापराचा शिक्का होता, आणि मोजपट्टी पिल्लाच्या तिकिटाचंच सांगत होती. माझ्या वहीतल्या दाते असलेल्या प्रतीपेक्षा हे दोन्ही बाजूंनी लहान भरलं. वरची कड चौकटीला जवळजवळ टेकलेली. चंद्रकोर मात्र कुठेच सापडली नाही. ज्याने कापलं त्याने काळजीने कापलं होतं, बहुधा फार पूर्वी, कारण कडही कागदाइतकीच पिवळी पडली होती. मी माझ्या वहीत लिहिलं: कापलेलं.

तिसरा आणि चौथा चौकोन लगेच सुटले. तिसऱ्यात तपकिरी पाव आणा. हा पोस्टकार्डाचा तुकडा. भारतात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला आलं ते पाव आण्याचं. जाड पुठ्ठ्यासारखा कागद, मागे डिंकाचा मागमूस नाही, उलट कुणाच्या तरी मोडीतल्या ओळीचा शेपटा मागे राहिलाय. कार्ड अख्खं असतं तर मी तिकिटापेक्षा ती मोडी आधी वाचली असती. चौथा तुकडा अंतर्देशीय पत्राचा, फिकट निळ्या पातळ कागदाचा. अंतर्देशीय पत्रं 2 ऑक्टोबर 1950 पासून मिळू लागली, त्यावर किंमत छापूनच यायची. कागदाचा रंग चित्राच्या बाहेरही निळाच असला तर तिकीट म्हणून विचार करायचीच गरज नाही. घरोघरच्या जुन्या वह्यांत "बिनदाती" म्हणून जे सापडतं त्यात सगळ्यात जास्त हेच तुकडे असतात. लहानपणी आपण सगळ्यांनीच ते कापले आहेत.

पाचव्यात मला थोडं थांबावं लागलं. 1973 च्या दिल्लीतल्या इंडिपेक्स प्रदर्शनाचं तिकीट. रंग ताजे, कडा रुंद, डिंक शाबूत. माझ्याकडच्या दाते असलेल्या तिकिटावर ठेवलं तर हे चारी बाजूंनी मोठं! मघाच्या मोजपट्टीच्या नियमाने हे खरं इम्पर्फ ठरतं. आणि ते खरंच इम्पर्फ आहे, पण चुकीने झालेलं नाही. त्या प्रदर्शनाच्या वेळी भारताने आपली पहिली लघुपत्रिका काढली, जिला संग्राहक मिनिएचर शीट म्हणतात, आणि तिच्यातली चार तिकिटं मुद्दाम दात्यांविना छापली. कुणीतरी ती पत्रिका कापून चार सुटी तिकिटं केली. अख्खी पत्रिका राहिली असती तर तिला मोल होतं. कापल्यावर ते गेलं. मला याचं वाईट वाटलं, पण मोजपट्टीची मर्यादा दाखवायला याच्याइतका चांगला नमुना नाही. मोजमाप फक्त एवढं सांगतं की या तिकिटाचे दाते कापलेले नाहीत. दाते का नव्हते, ते छपाईचा इतिहास सांगतो.

सहावं अमेरिकेचं. खुर्चीत बसलेली आई, जांभळ्या रंगात, तीन सेंट, 1934 च्या मातृदिनाचं. मागे डिंक अजिबात नाही, तरी कागद कोरा करकरीत, धुतल्याची सुरकुती कुठेच नाही. याची गोष्ट मी तिला जरा रंगवून सांगितली. तेव्हाचे अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल जेम्स फार्ले नव्या तिकिटांचे ताव छिद्रं आणि डिंक होण्याआधीच छापखान्यातून विकत घेऊन अध्यक्ष रूझवेल्ट यांना आणि इतर ओळखीच्यांना भेट द्यायचे. रूझवेल्ट स्वतः मोठे संग्राहक. ते ताव बाहेर आल्यावर साध्या संग्राहकांनी गदारोळ केला, आम्हाला का नाही म्हणून. शेवटी 15 मार्च 1935 पासून अशा वीस तिकिटांची खास छपाई बिनडिंकाची सगळ्यांसाठी विक्रीला ठेवावी लागली. मातृदिनाचं तिकीट त्यात दात्यांविना निघालं. म्हणजे डिंक नसणं इथे दोष नाही, ओळख आहे. अप्पांचे पत्रमित्र बरेच होते. त्यातल्याच कुणी पाठवलं असणार.

आता आठवा चौकोन. मागणाऱ्याने त्याच्याबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता. खरं तर या पानावर हे एकच असं होतं की ज्याला दाते होते. त्रावणकोरची दोन तिकिटं, एकाखाली एक, जोडलेली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दाते. फक्त दोघांच्या मधली आडवी ओळ नाही. दोन्हींवर पैमधली नवी किंमत काळ्या शाईत छापलेली.

1 जुलै 1949 ला त्रावणकोर आणि कोचीन ही संस्थानं एक झाली. त्रावणकोरचं चलन कॅश आणि चक्रम. नव्या राज्यासाठी हातातल्या त्रावणकोरच्या तिकिटांवर आणे-पैमधली किंमत छापून काम भागवण्यात आलं. त्रावणकोरची तिकिटं स्थानिक छपाईची होती आणि छिद्रं पाडताना एखादी ओळ सुटणं तिथे नवलाचं नव्हतं. म्हणूनच या 1949 च्या तिकिटांत "मध्ये दाते नाहीत" अशा जोड्या कॅटलॉगात एकापेक्षा जास्त किमतींच्या नोंदलेल्या आहेत. भारतीय संस्थानांची तिकिटं जमवणारा ही जोडी बघून दचकणार नाही, पण वही मिटणारही नाही.

इथे अडचण अशी झाली की अप्पांनी जोडी चिकटवायचं जुनं हिंज, म्हणजे डिंक लावलेला कागदाचा छोटा तुकडा, नेमकं मधल्या पट्टीच्या मागेच लावलं होतं. जिथे बघायचं तीच जागा झाकलेली! मूळ डिंक शाबूत होता, त्यामुळे हिंज ओलं करून काढणं म्हणजे डिंकाची नासाडी. तिने नखाने उचलून बघायचं म्हटलं, मी तिचा हात धरला. जुनं हिंज ओढलं तर कागदाचा पापुद्रा घेऊन येतं.

दोन गोष्टी तपासायच्या होत्या. पहिली, आंधळी छिद्रं. यंत्राच्या सुया बोथट झाल्या की कागद भोकसला जात नाही, नुसते खळगे पडतात. समोरून बघणाऱ्याला ओळ नाहीच असं वाटतं. असं तिकीट इम्पर्फ नसतं. मी खोलीतला दिवा बंद केला आणि टेबलावरचा दिवा कागदाच्या पातळीवर आणला, इतका तिरपा की डिंकाच्या भेगांच्याही सावल्या पडल्या. समोरच्या बाजूने पट्टी सपाट होती. उजवीकडच्या शेवटच्या दात्यापाशी एक खळगा दिसला तेव्हा क्षणभर मी गप्प झालो. भिंगाखाली तो कागदातला काडीचा कण निघाला, खळगा नव्हे तर उंचवटा.

दुसरी, बुजवलेली छिद्रं. हे कसब अवघड आहे आणि एवढ्या किमतीच्या तिकिटावर कुणी करेल असं वाटत नाही, पण न बघता सोडायचं नाही. बेंझिन इथेही कामाला आलं. ते डिंकाला धक्का लावत नाही आणि हिंजसुद्धा काही सेकंद पारदर्शक होतं. जोडी बशीत उलटी ठेवली, थेंब टाकले. हिंजखालची पट्टी सलग राखाडी झाली. बुजवलेलं छिद्र असतं तर लगद्याचा गडद ठिपका दिसला असता. ठिपका नाही, जोडाची रेघ नाही. बाजूच्या दात्यांवर मापाची पट्टी ठेवली, दोन्ही तिकिटांना एकच माप, आणि वरच्या तिकिटाचे शेवटचे दाते व खालच्याचे पहिले दाते यांचं अंतर उभ्या ओळीत अखंड चालू. म्हणजे उभी छिद्रं दोघांवर एकाच झटक्यात पडलेली. बेंझिन उडून गेलं आणि जोडी होती तशी झाली.

खरी जोडी. चुकलेली ओळ.

आता कागदाची पट्टी काढली. ज, ज?, छा, छा, मु, मु, का, चु. माझ्या वहीतली ओळ शेजारी ठेवल्यावर ती अक्षरं दोन मिनिटांत उलगडली. "ज" म्हणजे जन्मतः. "छा" म्हणजे पोस्टकार्ड-पत्रावरचं छापील. "मु" मुद्दाम काढलेलं. "का" कापलेलं. "चु" चूक. किमतींचा त्यात काही संबंध नव्हता. अप्पांनी हे पान एरर म्हणून लावलंच नव्हतं. दाते नसण्याची जेवढी कारणं त्यांना माहीत होती, तेवढी एका पानावर लावून ठेवली होती. काउंटरवर रोज ताव फाडणाऱ्या माणसाला कड म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको.

आठ जागांपैकी सात जागी आमचं जमलं. दुसऱ्या चौकोनात त्यांनी "ज?" लिहिलं होतं. डे ला रूंचं तिकीट जन्मतः बिनदाती असेल का, याची त्यांना आशा होती आणि खात्री नव्हती. त्यांच्याकडे ताडून बघायला दाते असलेली त्याच काळातली प्रत नसावी, वहीत तरी सापडली नाही. माझ्याकडे ती होती, एवढाच फरक.

सातव्या चौकोनाखाली "का" च्या पुढे कंसात आणखी एक शब्द होता, तो इतका पुसट होता की आधी दिसलाच नव्हता. भिंग तिच्याच हातात होतं. तिने वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवली. कंसात लिहिलं होतं, "नात".

पुढच्या व्यवहाराचं थोडक्यात. तिने मागणाऱ्याला कळवलं की सात तिकिटं एरर नाहीत. त्याने लगेच विचारलं, "मग खालची जोडी तेवढी द्या." तो जाणून होता की नाही, हे मला सांगता येणार नाही, पण अख्खं पान आठ हजारांत देणं तिच्या हिताचं नव्हतं, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. जोडी विकायचीच असेल तर आधी तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र घ्यावं. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची समिती असं प्रमाणपत्र देते. मात्र त्याचा खर्च आणि जोडीचं मोल यांचा हिशेब आधी करायचा. ठेवायची असेल तर प्रमाणपत्राची घाई नाही, चांगला फोटो, दोन्ही बाजूंची मापं आणि आज काय पाहिलं त्याची नोंद पुरे. ती नोंद मी लिहून दिली. हिंज तसंच राहू दिलं. वही उभी ठेवायची, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायची नाही, पावसाळ्यात महिन्यातून एकदा पानं उघडून हवा द्यायची, असंही सांगितलं. कोकणातून आलेल्या वहीला दमट हवा काय करते हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या वहीची दहा पानं बुरशीच्या ठिपक्यांनी गेलीच होती.

विकायचं नाही, असं तिने तिथेच ठरवलं. सुटं तर नाहीच.

निघण्याआधी तिने माझ्याकडून पेन्सिल मागितली. दुसऱ्या चौकोनाखालचं "ज?" तिने खोडलं नाही. त्याच्या शेजारी, अप्पांच्या अक्षराहून बारीक अक्षरात, "का" लिहिलं आणि त्या दिवसाची तारीख घातली.